बादली, नवरा, स्टूल

रेकॉर्डसाहेब बादली आणि स्टूल यांच्या मधोमध सापडले ते एका मंगळवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्यांनी स्वतःच ती ताबडतोब लिहून ठेवली. एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये साडेएकतीस वर्षं काढलेला हा माणूस. गेल्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा कचेरीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि इमारतीतल्या लोकांनी 'रेकॉर्डसाहेब' हे नाव पुढेही चालू ठेवलं. दोन्ही अजून व्यवस्थित चालतात.

तर ते चष्मा शोधत होते. बायकोच्या विणकामाच्या पिशवीत चष्मा असण्याचं काही कारण नव्हतं, पण रेकॉर्डसाहेब नेहमी कारण नसलेल्या जागेपासूनच शोधायला सुरुवात करतात. असायला हवी तिथे वस्तू असती तर ती हरवली कशाला असती, असं त्यांचं म्हणणं. पिशवीत लोकरीचे गुंडे होते, सुया होत्या आणि सगळ्यात खाली शंभर पानी वही होती. ती वहिनींची इंग्रजीच्या वर्गाची कच्ची वही. (अख्खी इमारत त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही तेच म्हणू.) पक्की वही घेऊन वहिनी वर्गालाच गेल्या होत्या. दोन महिन्यांपासून मंगळवार, गुरुवार आणि शनिवार दुपारी त्या वाचनालयाच्या माडीवर, मोठ्या माणसांच्या इंग्रजी वर्गाला जात होत्या. कशाला, म्हणून विचारलं तेव्हा, "विणकामाच्या पुस्तकात सगळं इंग्रजीत असतं, दरवेळी कुणाला विचारत बसू?" असं उत्तर मिळालं होतं. रेकॉर्डसाहेबांनी त्या वेळी ते कारण मंजूर केलं होतं.

वही उघडली. वर लिहिलं होतं, 'घरात बसून जी नामं सुचतील ती लिहा.' खाली दोन रकाने. डावीकडे कॉमन नाऊन, उजवीकडे प्रॉपर नाऊन. म्हणजे डावीकडे कुठल्याही घरात असतं ते, आणि उजवीकडे जगात एकच असतं, ज्याला स्वतःचं असं नाव असतं ते. एवढं इंग्रजी रेकॉर्डसाहेबांना शाळेपासून येत होतं. डाव्या रकान्यात वहिनींच्या गोल टपोऱ्या अक्षरात ओळीने लिहिलं होतं : डोअर, टॉवेल, बकेट, हजबंड, स्टूल, अम्ब्रेला.

रेकॉर्डसाहेब खिडकीपाशी गेले, वही हातभर लांब धरली आणि पुन्हा वाचलं. चष्मा नव्हता, म्हणून चुकून भलतंच वाचलं असेल अशी एक आशा होती. ती गेली. बकेट, हजबंड, स्टूल. 'हजबंड'चं पहिलं अक्षर बादलीच्या पहिल्या अक्षराएवढंच, लहान.

मग त्यांनी उजवा रकाना पाहिला. तिथे सगळी मोठ्या पहिल्या अक्षराची मानकरी मंडळी बसली होती. एक नदी होती, एक शहर होतं, जून महिना होता. मंगळवारही होता. आता मंगळवार काय करतो? आठवड्यातून एकदा येतो, दिवसभर असतो आणि जातो. त्याला मोठं अक्षर. आणि जो माणूस एकतीस वर्षं सातही वार घरात आहे, तो टॉवेलाखाली एक घर सोडून! इंग्रज लोकांचा कारभार एकूण असाच, हे मनाशी म्हणून त्यांनी तो अपमान बाजूला ठेवला असता. पण मंगळवाराच्या खाली आणखी एक नाव होतं, आणि ते माणसाचं होतं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच. एवढंच सांगतो की ते तीन अक्षरी होतं आणि तशी नावं पुरुषांचीही असतात, बायकांचीही असतात. रेकॉर्डसाहेबांना हे ठाऊक होतं. पण संशय घ्यायचाच तर पुरुषाचा घ्यावा, बाईचा घेऊन तो पुढे न्यायचा कुठे? शिवाय त्यांनी वहीचं शेवटचं पान उलटलं. ते पान वरपासून खालपर्यंत त्या एकाच नावाने भरलेलं होतं. एकोणीस वेळा. आधी जरा थरथरतं, मग सरळ, आणि शेवटी तर अगदी झोकात, खाली रेघ ओढून.

आणखी वाईट गोष्ट म्हणजे, ते नाव त्यांनी कुठेतरी ऐकलेलं होतं. कधी, कुठे, कुणाच्या तोंडून, ते काही केल्या आठवेना. सत्तेचाळीस हजार फायलींपैकी कुठलीही फाइल कुठल्या कपाटात आहे हे झोपेतसुद्धा सांगू शकणारा माणूस तो. त्याला एक नाव आठवू नये?

चष्मा कपाळावरच होता. तो खाली ओढून रेकॉर्डसाहेबांनी एक करडं कव्हर काढलं, त्यावर सुवाच्य अक्षरात 'विषय : नाव, एक (अनोळखी). गोपनीय' असं लिहिलं आणि पान क्रमांक एकवर वेळ टाकली.

सल्ल्यासाठी ते वरच्या मजल्यावर फौजदारांकडे गेले. फौजदार तीस वर्षं पोलिसात होते हे खरं. पण सगळी नोकरी वायरलेसच्या खोलीत झाली असल्यामुळे चोर त्यांनी फक्त ऐकलेले होते. त्यामुळेच की काय, गुन्हेगारांविषयी त्यांचं कुतूहल अजून ताजं होतं. रेकॉर्डसाहेबांनी सावधगिरी म्हणून सगळी हकिकत एका मित्राची म्हणून सांगितली.

"तुमच्या या मित्राच्या बायकोने," फौजदार डोळे बारीक करून म्हणाले, "अलीकडे काही नवीन सुरू केलंय का? गाणं गुणगुणणं, आरशात बघणं वगैरे?"

"नाही हो. इंग्रजी फक्त."

"इंग्रजी हे सगळ्यात वाईट. काय बोलतायत ते नवऱ्याला कळत नाही." फौजदारांनी खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही आता एकच करा. वहिनींना कळू न देता... म्हणजे तुमच्या मित्राने त्याच्या वहिनींना... म्हणजे बायकोला..."

"कळलं," रेकॉर्डसाहेब उठत म्हणाले.

खाली कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याकडे त्यांनी सहज म्हणून चौकशी केली. इस्त्रीवाला असा माणूस की त्याला विचारलं नाही तरी तो सांगतो. "वहिनींचे चांगले कपडे पूर्वी सहा महिन्यांतून एकदा यायचे, साहेब. आता आठवड्याला तीन जोड. कडक घडी पाहिजे म्हणतात. तुमचे मात्र तेच दोन शर्ट." हे शेवटचं वाक्य त्याने का जोडलं, यावर रेकॉर्डसाहेबांनी फाइलमध्ये अर्धं पान खर्ची घातलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं करण्यापेक्षा बायकोलाच सरळ का नाही विचारलं? तुम्ही बहुधा सरकारी कचेरीत काम केलेलं नाही. ज्याच्याविषयी फाइल उघडली त्यालाच माहिती विचारायची, असं कधी कुठे झालंय का? आणि खरी गोष्ट निराळीच होती. विचारलं आणि तिने शांतपणे 'हो, आहे एक' असं सांगितलं तर काय करायचं, याचं उत्तर रेकॉर्डसाहेबांकडे नव्हतं. साठीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाने आपल्याच घरात आपण नेमके कोण, असं विचारायचं तरी कसं? बुधवारचा अख्खा दिवस ते घरातच येरझाऱ्या घालत होते. वहिनींनी विचारलंसुद्धा, "बरं वाटत नाहीये का?" त्यावर ते "दात दुखतोय" म्हणाले.

गुरुवारी सकाळी वर्ग नसताना ते वाचनालयाच्या माडीवर गेले. तिथे टेबलामागे वर्गाचा कारकून बसला होता, पेन कानावर, नजर खिडकीबाहेर. रेकॉर्डसाहेबांनी वर्गातल्या विद्यार्थ्यांची यादी पाहायला मागितली.

"यादी बाहेरच्यांना दाखवत नाही," कारकून म्हणाला.

"मी फक्त एक नाव बघणार आहे."

"लेखी अर्ज करा. आम्ही विचार करू. पंधरा दिवसांनी या."

हीच तीन वाक्यं, याच क्रमाने, रेकॉर्डसाहेबांनी स्वतः साडेएकतीस वर्षं लोकांना ऐकवली होती. टेबलाच्या या बाजूने ती किती लागतात हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. पण मनातून थोडी दादही दिली. मुलगा तयारीचा होता.

"मग यादी बघतं कोण?"

"विद्यार्थी. फलकावर लावलेली असते, आत वर्गात."

"आणि विद्यार्थी व्हायला काय लागतं?"

कारकुनाने छापील फॉर्म सरकवला. "दोन फोटो आणि शाळा सोडल्याचा दाखला. नाव दाखल्यावर असेल तेच लिहायचं. घरात काय म्हणतात, लोक काय म्हणतात, ते आमच्याकडे चालत नाही."

पुढे याच वाक्यावर सगळं येऊन ठेपणार होतं. पण रेकॉर्डसाहेबांचं लक्ष तेव्हा बंद दरवाजाच्या फटीतून फलक दिसतो का याकडे होतं. दिसत नव्हता. ते घरी गेले, दाखला आणला (क्रमांक तीनच्या कपाटात, वरून दुसरा खण, एक मिनिटही लागलं नाही) आणि वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी शाळेत नाव घातलं.

प्रवेशासाठी परीक्षा होती. वर्ग घेणाऱ्या मॅडम तरुण होत्या, रेकॉर्डसाहेबांची मुलगी शोभतील एवढ्या. त्यांनी कागद दिला : 'स्वतःविषयी पाच ओळी लिहा.' रेकॉर्डसाहेबांना हसूच आलं. इंग्रजीत त्यांनी हजारो शेरे मारले होते. त्यांनी सफाईने लिहिलं की, माझ्या जन्माचा संदर्भ घ्यावा. सदर बाब नोंदवून घेण्यात यावी. शिक्षण, विवाह व नोकरी यथावकाश पार पडली. अभिप्राय काही नाही. फाइल बंद करावी. खाली सही, तारीख.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. "काका, तुम्हाला पहिल्या तुकडीत घालते," त्या मायेने म्हणाल्या. "दुसरी तुकडी जरा पुढे गेलीय."

दुसऱ्या तुकडीत वहिनी होत्या. बायको आपल्या पुढच्या वर्गात आहे ही नोंद रेकॉर्डसाहेबांनी फाइलमध्ये घेतली नाही. फाइलमध्ये सगळंच घ्यायचं नसतं.

पहिल्या तुकडीचा वर्ग शुक्रवारी सकाळी होता. फलक आत होता, पण फलकावर फक्त पहिल्या तुकडीची यादी. दुसरीची यादी, मॅडमनी सांगितलं, त्यांच्याकडच्या हजेरीपुस्तकात. शनिवारी दोन्ही तुकड्या एकत्र बसतात आणि हजेरी मोठ्याने घेतली जाते. म्हणजे शनिवारी दुपारी तीन वाजता ते नाव पुकारलं जाणार आणि एक इसम 'हजर' म्हणून उभा राहणार. रेकॉर्डसाहेबांनी त्याची उंची, कपडे, केस यांच्यासाठी फाइलमध्ये आधीच रकाने आखून ठेवले.

इकडे घरात दुसरंच काही शिजत होतं. दात दुखणारा नवरा शुक्रवारी सकाळी डॉक्टरकडे जातो म्हणून सांगून, दाढी करून, भांग पाडून, कागदात गुंडाळलेलं काहीतरी काखेत मारून बाहेर पडतो, हे वहिनींनी पाहिलं होतं. त्यातच फौजदारांनी जिन्यात त्यांना गाठून हलक्या आवाजात सांगितलं, "वहिनी, मी नाव घेणार नाही, पण तुमच्या एका मैत्रिणीच्या यजमानांवर जरा लक्ष ठेवा." फौजदार निःपक्षपाती होते. शुक्रवारी संध्याकाळी चहा देताना वहिनींनी विचारलं, "दातवाल्या डॉक्टरकडे पेन्सिल न्यावी लागते का हो?"

रेकॉर्डसाहेबांच्या शर्टाच्या खिशातून नवीन पेन्सिलीचं लाल टोक डोकावत होतं. "फॉर्म भरायचा असतो," ते म्हणाले. नवऱ्याने एकतीस वर्षांत फॉर्म पेन्सिलीने कधी भरला नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शनिवारी वहिनी पावणेतीनला निघाल्या. कडक घडीचे कपडे होते. रेकॉर्डसाहेब पाच मिनिटं थांबले, दात दुखतो हे खोटं कामी आणून मफलर गालाभोवती गच्च गुंडाळला आणि मागून निघाले. माडीवर पोचले तेव्हा वर्ग भरला होता. ते शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड बसले. पुढून तिसऱ्या बाकावर वहिनींची पाठ दिसत होती. त्यांच्या डाव्या हाताला एक मध्यमवयीन गृहस्थ होते आणि त्यांचे केस नको इतके काळे होते. रेकॉर्डसाहेबांनी फाइलमधला केसांचा रकाना तिथल्या तिथे भरून टाकला.

"आधी दुसरी तुकडी," मॅडम म्हणाल्या आणि हजेरीपुस्तक उघडलं.

एकेक नाव पुकारलं गेलं. काळे केस भलत्याच नावाला 'हजर' म्हणाले. रेकॉर्डसाहेबांनी रकाना खोडला आणि मान उंच केली. आणि मग मॅडमनी ते नाव घेतलं. तीन अक्षरं, स्पष्ट. रेकॉर्डसाहेब अर्धे उभे राहिले, कोण उठतोय ते बघायला. उजव्या बाजूला कुणी उठलं नाही. दारापाशी कुणी उठलं नाही.

"हजर," वहिनी म्हणाल्या.

हात वर होता. आवाजही घरातला नव्हता. जरा उंच, जरा कोवळा, शाळेतल्या मुलीचा असतो तसा. रेकॉर्डसाहेब अर्धे उभे होते ते तसेच राहिले. मग पहिल्या तुकडीची हजेरी सुरू झाली आणि सर्वांत आधी त्यांचंच नाव आलं. मफलरमधून 'हजर' असं काहीतरी बाहेर पडलं. पुढून तिसऱ्या बाकावरची मान सावकाश वळली.

वहिनींनी खांबाकडे पाहिलं, मफलरकडे पाहिलं, लाल पेन्सिलीकडे पाहिलं, आणि पुन्हा फळ्याकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. हसू होतं की आणखी काही, ते मागच्या बाकावरून कळण्यासारखं नव्हतं.

"चला, उजळणी," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येकाने घरातलं एक कॉमन नाऊन सांगायचं आणि त्याचं प्रॉपर नाऊन. काका, तुम्ही उभेच आहात, तुमच्यापासून सुरुवात करू."

"वाइफ," रेकॉर्डसाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"छान! वाइफ, कॉमन नाऊन. आता प्रॉपर?"

रेकॉर्डसाहेबांनी तोंड उघडलं. त्यांना एक नाव येत होतं, घरातलं. पण ते उच्चारूनही त्यांना पंधरा-वीस वर्षं झाली असतील, सगळा कारभार 'अगं'वर चालला होता. आणि दुसरं नाव, हजेरीपुस्तकातलं, अजून कानात वाजत होतं. दोन्हींपैकी खरं कुठलं, हे साडेएकतीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला सांगता येईना. कुणीतरी खुदकन हसलं. "आठवून सांगा काका, घाई नाही," मॅडम म्हणाल्या. ते खाली बसले.

वर्ग सुटल्यावर दोघं एकत्रच घरी निघाले. रस्ता एकच होता.

"दात कसा आहे?" वहिनींनी विचारलं.

"बरा आहे." त्यांनी मफलर सोडून खिशात कोंबला. "ते नाव... तुझं आहे?"

"शाळेच्या दाखल्यावर तेच आहे. तो कारकून दुसरं चालत नाही म्हणाला. पहिल्या दिवशी मॅडमनी पुकारलं, तर मी ओ दिलीच नाही. आजूबाजूला बघत बसले, कोण आहे ही म्हणून."

"मग घरातलं नाव कुठून आलं?"

वहिनी चालता चालता थांबल्या. "तुम्हाला खरंच आठवत नाही?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मग वहिनींनी सांगितलं, तेही सरळ, काही न जोडता. लग्न होऊन त्या घरी आल्या तेव्हा रेकॉर्डसाहेबांची विधवा आत्या त्यांच्याकडेच राहायला होती, आणि तिचं नावही नेमकं तेच. "घरातली मुलं त्यांना आत्याच म्हणत. नावाने हाक मारायचे फक्त तुमचे वडील. त्यांनी पहिल्या दिवशी पाणी मागितलं तर आम्ही दोघी दोन पेले घेऊन धावलो. सगळे हसले. तुम्ही नुकते, सहा महिन्यांपूर्वी, रेकॉर्डला लागला होतात. तुम्ही म्हणालात, एका नावाच्या दोन फायली एका कपाटात ठेवत नाहीत. नंतर आलेल्या फाइलचं नाव बदलायचं, असा नियम आहे. तिथल्या तिथे एक नाव सुचवलंत, कागदावर लिहिलंत आणि फडताळाच्या दाराला आतून चिकटवलंत. पुन्हा सगळे हसले. मीही हसले," वहिनी म्हणाल्या. "नवीन होते ना."

"आणि आत्या?"

"पाच महिन्यांनी मुलाकडे राहायला गेल्या. मी वाट बघितली. एकदा विचारलंही तुम्हाला, आता माझं मला परत मिळेल का म्हणून. तुम्ही वर्तमानपत्र वाचत होतात. 'बघू' म्हणालात."

'बघू' म्हणजे काय, हे रेकॉर्डसाहेबांइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या एका शब्दाखाली त्यांनी हजारो कागद गाडले होते. पण आपल्या घरातलाही एक त्यात आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

घरी येताच ते थेट स्वयंपाकघरातल्या जुन्या फडताळाकडे गेले. दाराच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्राचे थर चिकटवलेले होते. त्यांनी एक थर सोलला, दुसरा, तिसरा. चौथ्याखाली तो होता. पिवळा पडलेला, चतकोर, कोपरे मात्र सरळ. त्यांचंच तरुणपणचं अक्षर, भारी ऐटीतलं. वर नवं नाव, खाली सही, तारीख. आणि सहीच्या शेजारी कंसात दोन शब्द : तात्पुरती व्यवस्था.

माणसाची चूक निघाली की तो आधी पुरावा मागतो. रेकॉर्डसाहेबांचा पुरावा त्यांनी स्वतःच जपून ठेवला होता, आणि तोही बिनचूक. ते खालच्या स्टुलावर बसले. यादीत होतं ते हेच स्टूल. त्याच्या शेजारी बादली होती. एकूण यादी अचूक होती, हे त्यांना कबूल करावं लागलं.

मग त्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढली आणि त्या चतकोरावर आडवी रेघ मारून लिहिलं, 'वरील आदेश रद्द. मूळ नाव पूर्ववत. विलंबाबद्दल...' इथे ते अडले. विलंबाबद्दल काय लिहायचं, याचा नमुना कुठल्याच कचेरीत नसतो. शेवटी त्यांनी 'चुकलो' एवढंच लिहिलं, आणि आयुष्यात प्रथमच सही करायची विसरले.

कागद दारावरून अलगद सोडवून ते बाहेरच्या खोलीत आले. वहिनी लोकर सोडवत बसल्या होत्या. रेकॉर्डसाहेबांनी घसा साफ केला आणि हाक मारली. ते नाव, पूर्ण, तिन्ही अक्षरं. पहिल्यांदा जीभ अडखळली, म्हणून पुन्हा मारली. (घरातली ही पहिली हाक त्यांनीच मारायची होती, म्हणून मी ते नाव लिहिलं नाही.)

वहिनींचे हात थांबले. वर न बघताच त्या म्हणाल्या, "हजर." मग कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला आणि डोळ्यांना पदर लावला. "एकतीस वर्षांनी निकाल लागला म्हणायचा."

"आणखी एक विचारायचं होतं," रेकॉर्डसाहेब चाचरत म्हणाले. "ते तुझ्या वहीत... बादलीच्या खाली..."

"वाचलंत ना? कळलं मला. लोकर उलटी भरली होती पिशवीत. आणि ती तुमची करडी फाइल पलंगाखाली होती, झाडताना सापडली. पुसून जागेवर ठेवलीय." वहिनींनी सुई उचलली. "नवरे काय हो, घरोघरी असतात. म्हणून तिकडे लिहिलं."

"पण मी आता..."

"बघू," वहिनी म्हणाल्या.

यावर फाइलमध्ये काय लिहायचं ते रेकॉर्डसाहेबांना रविवारभर सुचलं नाही. फौजदार जिन्यात भेटले आणि त्यांनी 'तुमच्या मित्राचं काय झालं?' म्हणून विचारलं, तेव्हा "प्रकरण चालू आहे" एवढंच सांगून ते निसटले. घरात मात्र त्यांनी दिवसातून सात-आठ वेळा हाक मारली, काही काम नसतानाही, आणि दरवेळी ओ आली की त्यांना उगाचच बरं वाटलं.

मंगळवारी दुपारी वहिनी वर्गाला गेल्या. तीन वाजून दहा मिनिटांनी रेकॉर्डसाहेबांनी विणकामाची पिशवी उघडली. या वेळी चष्मा नाकावर होता, तेव्हा चष्मा शोधत होतो असं म्हणायची सोय नव्हती. वही होती. नवा गृहपाठ होता. डाव्या रकान्यातलं 'हजबंड' खोडलेलं नव्हतं. बादली आणि स्टूल यांच्यामधली जागा अजून भरलेलीच होती. त्यांनी श्वास रोखून उजव्या रकान्याकडे नजर नेली. नदी, शहर, जून, मंगळवार, मग तिचं नाव, पेनाने, झोकदार. आणि त्याच्याखाली त्यांचं नाव होतं. पहिलं अक्षर मोठं, चांगलं ठसठशीत.

पण ते पेन्सिलीने लिहिलेलं होतं. आणि त्याच्यापुढे, कंसात, मराठीत, त्याच गोल टपोऱ्या अक्षरात : तात्पुरती व्यवस्था.

रेकॉर्डसाहेबांनी वही जशी होती तशी गुंड्यांखाली ठेवली. या वेळी लोकर सरळ भरली. मग त्यांनी घरभर शोधून दोन्ही खोडरबर हुडकून काढले आणि क्रमांक तीनच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात, कुलूप लावून ठेवून दिले.